जुनी गाडी : पुट्टी कुठवर, निरोप कधी?

सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी ताडपत्रीखाली झाकलेली एक गाडी असतेच. कुठे ती प्रीमियर पद्मिनी असते, कुठे मारुती ८००. टायरमधली हवा उतरलेली, काचेवर धुळीचा थर आणि चाकामागे मांजरीची पिल्ले. दर रविवारी घरातले गृहस्थ खाली उतरतात, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात, बॉनेटवरून फडके फिरवतात आणि समाधानाने वर येतात. वर आले की ठरलेला संवाद होतो.

"अहो, त्या गाडीचं एकदा काय ते ठरवा ना. सेक्रेटरी आज परत सांगून गेले, जागा अडते म्हणून."

"चालू आहे ती अजून. थोडं पत्र्याचं काम केलं की झालं."

"हे थोडं काम मी चार वर्षं ऐकतेय."

दोघांचेही म्हणणे खरे असते. गाडी चालू असते आणि काम थोडे नसते. (रविवारच्या त्या पाच मिनिटांचा गाडीला फायदाही फारसा होत नाही. इंजिन पुरते तापायच्या आत बंद केले की सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि तो आतून गंजत जातो. चालवायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर न्यावी.)

या जिव्हाळ्याला हसण्याचे कारण नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नाव बदलले तरी मुंबई-पुण्याच्या घराघरांत ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, असा तो काळ. नोंदणी केली तेव्हा रांगणारे मूल गाडी दारात आली तेव्हा शाळेत जात होते, असेही व्हायचे. स्टिअरिंगजवळचा गिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट, त्यामुळे दोन मोठ्यांच्या मध्ये एक लहानगे सहज मावे. त्या गाडीतून सून घरात आली, नातू प्रसूतिगृहातून घरी आला, आजोबांना शेवटचे इस्पितळात नेले तेही तिच्यातूनच. अशी वस्तू 'मॉडेल जुने झाले' म्हणून काढून टाका, असे सांगणाऱ्याला उत्तर न देता गृहस्थ ताडपत्री नीट करायला लागतात, यात नवल नाही.

पण इथेच एक गल्लत होते. गाडीवर माया किती, हा एक प्रश्न आणि गाडीच्या पत्र्यात जीव किती, हा दुसरा. घरातले सगळे पहिल्याच प्रश्नावर भांडत राहतात आणि दुसऱ्याकडे कुणी पाहत नाही. खरे तर दुसऱ्याचे उत्तर आधी शोधावे. ते शोधायला गॅरेजमध्ये जायची गरज नसते. दोन-तीन सुट्ट्या, काही किरकोळ सामान आणि मळलेले कपडे एवढे पुरते. घरी केलेल्या पत्राकामाने गाडी शोरूमसारखी दिसत नाही, पण रंगाखाली काय दडले आहे ते मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

आधी गाडी स्वच्छ धुवावी. मग फडक्यात गुंडाळलेले एक साधे लोहचुंबक हातात घेऊन पत्र्यावरून हळूहळू फिरवावे. जिथे पत्रा आहे तिथे ते ओढले जाईल. जिथे निसटेल तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे, म्हणजे पूर्वी कुणीतरी मोठा पोचा किंवा भोक बुजवले आहे. अनेक मालकांना आपल्या लाडक्या गाडीचा हा इतिहास त्या दिवशी पहिल्यांदा कळतो. नंतर गंजाच्या ठरलेल्या जागा पाहाव्यात. मडगार्डच्या आतली कड, दारांचा खालचा भाग, काचेच्या रबराभोवतीचा पत्रा, बॅटरीखालची तबकडी, डिकीत स्टेपनी ठेवतात तो खळगा आणि पायाखालच्या मॅटिंगखालचा पत्रा. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजतात आणि पावसाचे पाणी दारातच साचून राहते. एका जाड तारेने ती मोकळी केली तर पुढची काही वर्षे दार वाचते. या कामाला एक पैसाही लागत नाही आणि नेमके हेच कुणी करत नाही.

मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या खाऱ्या हवेतली गाडी आणि इंदूर-जबलपूरच्या कोरड्या हवेतली गाडी यांत फार फरक पडतो. एकाच वर्षाच्या दोन गाड्या असल्या तरी किनाऱ्यावरची आतून पोकळ झालेली असू शकते. पाहुण्याने "आमची तर अजून ठणठणीत आहे" म्हटले म्हणून मनाला लावून घेऊ नये.

रंगाला जिथे फोड आलेले दिसतात तिथे गंज असतो तो दिसतो त्याहून मोठा. फोडाच्या चारी बाजूंनी चांगला रंग लागेपर्यंत खरवडावे. तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावे. बारीक छिद्रांत जो गंज उरतो त्याला फॉस्फोरिक अॅसिड असलेले गंजरोधक लावतात. ते गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते आणि काळपट थर धरते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय या बाटलीला हात लावू नये, मुले आसपास असताना तर नाहीच. उघडा केलेला पत्रा तसाच रात्रभर ठेवू नये. दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर पुन्हा तांबूस झाक येते आणि कालचे श्रम फुकट जातात.

पोचा असेल तर हातोडीचा मोह आवरावा. पत्र्यामागे डॉली, म्हणजे जाड लोखंडी ठोकळा धरून हलके हलके ठोकायचे असते, आणि तेही कडेकडून मध्याकडे. दणक्यात ठोकले की पत्रा ताणला जातो, मग तो दाबला की डब्याच्या झाकणासारखा पकपक वाजतो आणि काही केल्या जागेवर बसत नाही. सपाटी डोळ्यांना कळत नाही, हाताला कळते. तळहाताखाली पातळ मऊ फडके धरून हात फिरवला की केसाएवढा उंचवटाही जाणवतो. डेंटिंग करणारे मिस्त्री डोळे मिटल्यासारखा हात फिरवतात ते यासाठीच.

मग पुट्टी. लिंबाएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढा हार्डनर, हा घरगुती हिशेब लक्षात ठेवावा. उन्हाळ्यात पाच मिनिटांत ती घट्ट होऊ लागते, म्हणून पोळीच्या उंड्याएवढीच कालवावी. थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. ही पुट्टी पाणी शोषते, तेव्हा तिला कोरडेच घासावे, तेही नाक-तोंड मास्कने झाकून. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे ती धूळ घरात येता कामा नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. त्यावर प्रायमर, प्रायमर सुकल्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासणे आणि मग रंग. साधा एन.सी. रंग पावसाळ्यात मारला तर हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढरट झाक येते, म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे.

एवढे काम बाप-लेकांनी मिळून केले तर मुलाला हातोडी धरायची कशी ते कळते आणि बापाला मुलगा ऐकतो असे वाटते. आईने वरून चहा पाठवला तर दुधात साखर. मुलीलाही खाली बोलवावे. पॉलिश पेपर घासायला मिशा लागत नाहीत.

पत्रा जेव्हा उत्तर देतो

काही कामे घरी करायची नाहीत. गॅरेजमध्ये हल्ली जो हार्डनर मिसळायचा चमकदार रंग वापरतात त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साध्या मास्कने ते अडत नाही. वेल्डिंगचेही तेच. पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त होणारे लोक भेटतात. रिकाम्या टाकीत वाफा असतात आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त घातक. पत्रा पुसायला बाटलीत पेट्रोल घेऊन बसणे आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे, या दोन सवयी तर घरातल्या बाईने सरळ भांडून बंद कराव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते पुढेच. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. दारांखालची लांब पट्टी, फरशीचा पत्रा, पुढच्या-मागच्या चाकांचे आधार जिथे जोडलेले आहेत त्या जागा, यांच्यावर सगळे वजन असते. मडगार्डला भोक पडले तर दिसायला वाईट, एवढेच. दाराखालच्या पट्टीत स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला, तर मात्र प्रश्न दिसण्याचा राहिला नाही. तिथे पुट्टी भरून वर रंग मारणे म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणे. अपघातात ती पट्टी कागदासारखी दुमडेल आणि आत आपलीच माणसे असतील. अशा जागी जुना पत्रा कापून नवा वेल्ड करणे हाच उपाय, आणि तो चांगल्या मिस्त्रीचा. खालून डांबरासारखा काळा लेप मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणावे. गंजावर मारलेला लेप ओल आत कोंडतो आणि पत्रा गुपचूप संपतो.

स्क्रू ड्रायव्हर आत गेल्यावर घरात शांतता पसरते. चार वर्षे चाललेला वाद त्या क्षणी संपतो, कारण आता बायको किंवा सेक्रेटरी बोलत नाहीत, पत्रा बोलतो. गृहस्थांनाही मान खाली घालावी लागत नाही. "मी हरलो" असे म्हणायची पाळी येत नाही, "बघितलं, आता हिचं झालं" असे म्हणता येते. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. वयस्क माणसाकडून गाडी काढून घेऊ पाहणाऱ्या मुलांनी ते ध्यानात ठेवावे. बाबांना न सांगता गिऱ्हाईक दारात आणून उभे करणे हा शहाणपणा नव्हे. त्यांच्या हातात तो स्क्रू ड्रायव्हर द्यावा.

उलटही होते. पाच-सहा ठिकाणी वरवरचा गंज निघतो, कणा शाबूत असतो आणि गाडी ठेवायचे ठरते. मग खर्चाचा हिशेब मोकळेपणाने करावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वेगळी बंधने आहेत आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केले, तेव्हा तिथल्या वाचकांनी ताजी स्थिती पाहूनच खर्चात पडावे. ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. १९७४ च्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पण गाडी मूळ रूपात हवी, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

निरोप आणि कागद

गाडी द्यायची ठरली की लोक भावनेच्या भरात किंवा सुटकेच्या आनंदात किल्ली हातात देतात, पैसे घेतात आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे होतात. "तुम्ही काळजी करू नका काका, नाव मी बदलून घेतो" या वाक्यावर विश्वास ठेवून किती जण फसले असतील याची मोजदाद नाही. कायद्याच्या नजरेत नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला एक निकाल या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्या प्रकरणात मूळ मालकाने गाडी २००७ मध्येच विकली होती. ती पुढे हातोहात फिरली, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला आणि एक जीव गेला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या पहिल्या, कागदावरच्या मालकावरच ठेवली.

म्हणून विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावे. फॉर्म ३० नाव बदलण्याच्या अर्जाचा, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. गिऱ्हाईक परराज्यातले असेल तर फॉर्म २८ भरून ना हरकत दाखला आधी घ्यावा. कधीकाळी कर्ज काढून गाडी घेतली असेल आणि कर्ज फिटूनही बँकेचे नाव आरसी बुकावर तसेच असेल तर फॉर्म ३५ ने ते काढावे लागते. ही गोष्ट नेमकी गिऱ्हाईक दारात उभे असताना आठवते. विक्रेत्यामार्फत विकत असाल तर तो आरटीओकडून अधिकृत केलेला आहे का ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची नोंद करता येते आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची होते.

विमा गाडीबरोबर जातो, पण अपघात न केल्याबद्दल साठलेली सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. तिचे पत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे, नव्या गाडीला उपयोगी पडते. फास्टॅग लावलेला असेल तर तो बंद करायला विसरू नये, नाहीतर दुसऱ्याच्या सहलीचा टोल आपल्या खात्यातून कापला जाईल.

आणि जे चुंबकाने दाखवले ते गिऱ्हाईकाला सांगावे. "मागच्या मडगार्डला पुट्टी आहे, डाव्या दाराखाली पत्रा बदललाय" असे सांगितल्याने किंमत थोडी उतरते, पण जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस अशा मालकाकडूनच गाडी घेतो. घरी काम करताना काढलेले फोटो त्याला दाखवले तर उत्तमच. त्याला गंजलेली जागा माहीत असेल तर तो तिथे लक्ष देईल. ज्या गाडीत आपली मुले वाढली तिच्यात आता दुसऱ्याची मुले बसणार आहेत.

भंगारात काढायची वेळ आली तर हातगाडीवाल्याला देऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार सरकारकडे नोंदलेल्या वाहन भंगार केंद्रातच ती द्यावी. तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि सरकारी दप्तरातली नोंदणी रद्द होते. त्या प्रमाणपत्रावर नवीन खासगी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होते आणि करात राज्यानुसार जास्तीत जास्त २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. मुंबईतल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली तेव्हा निदान एक तरी काळी-पिवळी संग्रहालयात ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. घरच्या गाडीसाठी संग्रहालय कुठले? स्टिअरिंगवरचे हॉर्नचे बटण किंवा पुढच्या जाळीवरची नावपट्टी काढून ठेवली तर कुणाचे काही जात नाही. भंगार केंद्रात नेण्याआधी विचारून घ्यावे, म्हणजे झाले.

एक गोष्ट बायकांसाठी विशेष. गाडी बहुधा पतीच्या नावावर असते आणि तो गेल्यावर ती ताडपत्रीखालीच राहते, कारण तिला हात लावणे कुणालाच सोसत नाही. पण नियम दुःखाला थांबत नाही. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचे असते. २०२१ पासून आरसीवर वारसदाराचे नाव आधीच नोंदवून ठेवता येते. पत्राकाम चालू असताना, दोघेही हसत-बोलत असताना हे काम उरकून घेणे सोपे. मुलगा बंगळुरूला किंवा अहमदाबादला आहे आणि "बाबांची गाडी मी नेतो" म्हणतो, तर त्याला सांगावे की परराज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथली नोंदणी करून घ्यावी लागेल.

गाडी न्यायला माणूस यायच्या आदल्या दिवशी डॅशबोर्डचा कप्पा, सीटच्या फटी आणि डिकी रिकामी करावी. जुन्या पावत्या, सनमायकाच्या दुकानाचे कार्ड, कुणाचा तरी लोकरीचा मोजा, असे बरेच काही निघते. ती पिशवी घरातल्या सर्वांनी मिळून उघडावी. गाडी देताना दिलेली तारीख, वेळ आणि मीटरवरचा आकडा एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. त्या वेळेनंतर रस्त्यावर जे होईल त्याचा हिशेब त्या कागदापासून सुरू होतो. दोन्ही किल्ल्या द्याव्यात. चोक किती ओढायचा आणि थंडीत गाडी कशी सुरू होते ते नव्या मालकाला एकदा शेजारी बसवून दाखवावे. ते गृहस्थांनीच दाखवावे, मुलाने नव्हे.